तरुण कोपरारक्षक खरंच तयार होतोय का, हे कसं ओळखायचं?

भातकापणी उरकली की महाड आणि पोलादपूर तालुक्यांत कबड्डीची मैदानं तयार व्हायला लागतात. जत्रेला आणि मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईचे चाकरमानी गावी येतात, रात्री प्रकाशझोतात सामने रंगतात आणि सकाळी मोबाईलवर रील येतं. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, एका झेपेत चढाईपटूचा घोटा धरलेला, मागे शिट्ट्यांचा आवाज. खाली कमेंट ठरलेली : "हा प्रो कबड्डीत पाहिजे!"

पाहिजेच, पण तो खरंच तिथवर जाईल का, हे त्या तीस सेकंदांत कळत नाही. रीलमध्ये धरलेला घोटा दिसतो, सुटलेले घोटे दिसत नाहीत. आणि याच रीलच्या भरवशावर कुणी बारावी अर्धवट सोडतो, कुणी हातची नोकरी नाकारतो. त्यामुळे तरुण कोपरारक्षकाकडे नेमकं कसं बघायचं, हे समजून घ्यायला हवं.

कोपरारक्षकाचं काम काय?

बचावाच्या साखळीत दोन्ही टोकांना उभे असतात ते डावा आणि उजवा कोपरा. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो किंवा वळून परत निघतो, त्या क्षणी घोटा किंवा मांडी धरायची ही त्यांची मुख्य जबाबदारी. शेजारचा मध्यरक्षक मदतीला येतो आणि पकड पक्की होते.

यात धोका मोठा असतो. पकड जमली तर संघाला एक गुण मिळतो आणि बाद झालेला एक सहकारी परत येतो. फसली तर चढाईपटूला गुण मिळतो आणि कोपरारक्षक स्वतः बाहेर बसतो. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू असताना पकड झाली तर एक गुण जादा मिळतो. त्यालाच अव्वल पकड म्हणतात.

नुसत्या पकडी मोजून का भागत नाही?

समजा एका स्पर्धेत पहिल्या मुलाने १५ वेळा प्रयत्न केला आणि ६ पकडी केल्या. दुसऱ्याने ६ वेळा प्रयत्न करून ४ पकडी केल्या. बक्षीस पहिल्याला मिळेल, रीलही त्याचंच येईल. पण पहिल्याने ९ वेळा प्रतिस्पर्ध्याला गुण दिले, दुसऱ्याने फक्त २ वेळा. वजाबाकी केली तर पहिला संघाला ३ गुणांनी खाली घेऊन गेला आणि दुसरा २ गुणांनी वर. म्हणून पकडींच्या आकड्याशेजारी प्रयत्नांचा आकडा लिहिलाच पाहिजे.

अमेरिकन फुटबॉलमध्येही हाच पेच आहे. तिथे चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकण्याआधीच पाडणारा खेळाडू असतो, त्याला पास रशर म्हणतात. असं पाडणं म्हणजे सॅक. त्यांच्या एनएफएल या लीगमध्ये खेळाडूच्या सॅकची अधिकृत नोंद १९८२ पासून होते. पण सॅक रोज होत नाहीत. त्यामुळे जाणकार हेही बघतात की या खेळाडूच्या धाकाने क्वार्टरबॅकला किती वेळा घाईत चेंडू टाकावा लागला.

कबड्डीतला धाक मोजायचा तर रिकाम्या चढाया बघा. चढाईपटू एका कोपऱ्याकडे जायचंच टाळतो, बोनसचा पाय टाकता टाकता मागे घेतो, हात न लावता परतलेला असतो. त्या कोपऱ्याच्या नावावर गुण लागत नाही, पण काम त्याने केलेलं असतं.

मग नेमकं काय बघायचं?

पहिली गोष्ट पायांची. चढाईपटू सरकला की पोरगा छोट्या पावलांनी जागा धरतो, की टाचांवर उभा राहतो? झेप सगळ्यांना दिसते, पण ती योग्य अंतरावरून निघते ती पायांमुळे.

दुसरी गोष्ट संयमाची. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. म्हणजे तिसऱ्या चढाईत गरज त्याला असते, बचावाला नसते. अशा वेळी आधीच झेपावणारा कोपरा अजून कच्चा आहे. थांबून त्याला आत येऊ देणारा शिकतोय.

तिसरी गोष्ट चूक झाल्यानंतरची. एकाच चढाईपटूने एकाच हुलकावणीवर त्याला पुन्हा पुन्हा फसवलं का? की पुढच्या वेळी त्याने उभं राहण्याची जागा बदलली?

चौथी गोष्ट शेजाऱ्याची. मध्यरक्षक उशिरा आला तर चांगली धरलेली मांडीही सुटते. दोष मात्र कोपऱ्याच्या माथी येतो. जोडीदार बदलल्यावर त्याचा खेळ कसा होतो, तेही तपासा.

माती, मॅट आणि वजन

गावात पोरं मातीवर अनवाणी खेळतात. प्रो कबड्डी मॅटवर बूट घालून खेळली जाते. मातीवर पाय सरकतो, मॅटवर बूट रुततो आणि वळण्याचा वेग बदलतो. मातीवरचा राजा मॅटवर पहिल्या काही सामन्यांत चाचपडला, तर त्याला लगेच मोडीत काढू नका.

वजनाची भानगड याहून गंभीर आहे. कुमार गटाला २० वर्षं वय आणि ७० किलो वजनाची मर्यादा असते. प्रौढ पुरुषांची मर्यादा ८५ किलो. निवडीच्या काट्यावर बसावं म्हणून पोरं जेवण तोडतात, पाणी पीत नाहीत. वाढत्या वयात हे धोक्याचं आहे, आणि अशा अंगाने पुढे ८० किलोचा चढाईपटू रोखायचा आहे. उलट एखादा सोळाव्या वर्षीच अंगाने भरलेला असतो आणि ताकदीवर पकडी करतो. बाकीचे वाढले की त्याची आघाडी संपते. म्हणून वय, उंची आणि वजन दरवर्षी लिहून ठेवा.

वेळ किती द्यायचा?

इराणचा फझल अत्राचली २०१५ मध्ये यू मुंबाकडून प्रो कबड्डीत आला. डाव्या कोपऱ्यावर हंगामामागून हंगाम खेळत तो लीगमध्ये सर्वाधिक पकडी करणारा खेळाडू झाला. उजव्या कोपऱ्यावरच्या नितेश कुमारने २०१८ च्या हंगामात यूपी योद्धाकडून पकडींचे १०० गुण केले. एका हंगामात शंभरी गाठणारा तो पहिला. आपल्या कोकणातला शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यावर पुणेरी पलटणकडून खेळला आणि पुढे २०२४ मध्ये पाटणा पायरेट्सचा कर्णधार झाला.

तुमच्या गावातल्या पोरासाठी एक वही पुरेशी आहे. दहा सामन्यांत चार रकाने भरा : प्रयत्न, पकडी, तिसऱ्या चढाईतले निर्णय आणि त्याच्या कोपऱ्याकडून रिकाम्या गेलेल्या चढाया. पुढच्या वर्षी पुन्हा भरा. दोन वर्षांत फुकटचे प्रयत्न कमी झाले आणि रिकाम्या चढाया वाढल्या, तर पोरगा तयार होतोय. आकडे जागच्या जागी राहिले, तर रीलला कितीही लाईक आले तरी त्याला शिक्षण सोडायला सांगू नका. कॉलेज करूनही संध्याकाळी मैदानात उतरता येतं.