विजेच्या दोन भाषा आणि मधला दुभाषी



विजेवरच्या मोटारींचा विषय निघाला म्हणजे बोलणे बहुधा तिच्या किमतीवर, नाहीतर एकदा चार्ज केल्यावर ती किती किलोमीटर जाते यावर येऊन थांबते. आम्ही आज ज्या वस्तूविषयी बोलणार आहोत ती हातात मावेल एवढी आहे. एका घडणीच्या चार्जरची गन दुसऱ्या घडणीच्या गाडीच्या तोंडात बसत नाही, म्हणून दोहोंच्या मध्ये जो जोड लावावा लागतो त्यास अडॅप्टर म्हणतात. वस्तू नवी खरी. परंतु तिच्यामागचा प्रश्न आपल्या कोपर-डोंबिवलीच्या रुळांवर कित्येक वर्षे उभा होता, आणि तुम्ही-आम्ही रोज त्याच्याखालून कामावर जात होतो.

आपले कोपर स्टेशन दोन मजली आहे. खालून कल्याणची मुख्य लाइन जाते, वरून दिवा-वसईची. वरच्या गाडीतून उतरून खालची लोकल धरणारा माणूस जिना उतरतो. आता हा जिना म्हणजे काय? दोन वेगळ्या मार्गांमधला जोडच. परंतु तो चढण्या-उतरण्याचे श्रम ज्याचे त्याने करायचे असतात, आणि डोक्यावर बोजा असेल तर ते किती पडतात हे पहाटे भाजी घेऊन जाणाऱ्या बाईस विचारावे. जोडाचे श्रम कोण करतो, एवढा एकच प्रश्न मनात धरून आम्ही हा इतिहास सांगणार आहोत.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याकडे हिंदुस्थानातली पहिली विजेची गाडी सुटली. डोक्यावरच्या तारेत १,५०० व्होल्टांचा डी.सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह होता. १९३० पर्यंत ही तार कल्याणवरून एकीकडे पुण्यास व दुसरीकडे इगतपुरीस पोहोचली. ठाकुर्लीला रेल्वेने स्वतःचे चोळा वीजघर बांधले. आज ते बंद आहे. परंतु ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या जुन्या घरांत त्याच्या भोंग्यांच्या व पाळ्यांच्या आठवणी अजून निघतात.

डी.सी.च का निवडला? त्या काळी गाडी ओढण्यास योग्य अशी जी मोटर होती ती डी.सी.वर उत्तम चाले. वीजघरात तयार होणारी वीज मात्र ए.सी., म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होणारी. तेव्हा रुळांच्या कडेला उपकेंद्रे बांधून तिथे ए.सी.चा डी.सी. करायचा व मग तो तारेत सोडायचा, अशी रचना झाली. इंजिन त्यामुळे साधे राहिले; रूपांतराची जड यंत्रे जमिनीवर राहिली. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे तो मोटारीच्या संदर्भात उलटा होऊन येणार आहे.

या रचनेस किंमत होती. दाब कमी म्हणून प्रवाह प्रचंड. प्रवाह प्रचंड म्हणून तारा जाड, आणि थोड्या थोड्या किलोमीटरांवर एक उपकेंद्र. दूरच्या पल्ल्यास ही रचना परवडणारी नव्हती. १९५७ साली भारतीय रेल्वेने फ्रेंच रेल्वेच्या सल्ल्याने ठरवले की यापुढे २५,००० व्होल्टांचा ए.सी. वापरायचा. यात उपकेंद्रे चाळीस-पन्नास किलोमीटरांवर चालतात व तार बारीक पुरते. परंतु ट्रान्सफॉर्मर आणि रेक्टिफायर इंजिनाच्या पोटात घालून हिंडवावा लागतो. गंमत अशी की त्याच १९५७ च्या डिसेंबरात हावड्यास ३,००० व्होल्ट डी.सी.ची गाडी सुरू झाली. म्हणजे एका देशात तीन दाब आणि दोन जातींचे प्रवाह. कलकत्ता व मद्रास येथले डी.सी. मार्ग साठीच्या दशकाअखेर बदलून झाले. मुंबईचा पसारा इतका मोठा, आणि त्यावरची रोजची गर्दी इतकी दाट, की मुंबई राहिली ती राहिलीच.

भुसावळकडून आलेली ए.सी.ची तार इगतपुरीस मुंबईच्या डी.सी.च्या तारेला भेटे. भेटे म्हणजे समोर येऊन थांबे. जोडली जात नसे. तिथे गाडीचे इंजिन सोडायचे, दुसरे लावायचे. शंटर, सांधेवाला, कपलिंग जोडणारा अशी माणसे दिवसरात्र त्या कामी लागलेली. थळ घाटातून गाडी खाली आणणाऱ्या जुन्या डी.सी. इंजिनांपैकी एका जातीला रेल्वे कामगार ‘खेकडा’ म्हणत. कारखान्यातल्या नावापेक्षा कामगाराने ठेवलेले नाव टिकते, असा आमचा अनुभव आहे.

याहून जुना दाखला मनमाडचा. मुंबईची लाइन रुंद मापाची, हैदराबादकडून येणारी निजामाच्या मुलखातली लाइन मीटर मापाची. माल एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. पुढे ती लाइन रुंद झाली. तोवर दोन मापांमधला अडॅप्टर म्हणजे पाठीवर पोते घेतलेला हमाल होता. रुळांची मापे ठरवणाऱ्या साहेबांच्या हिशेबात त्या पाठीचा खर्च कुठल्या रकान्यात मांडला होता, हे आम्हांस कोणी दाखवलेले नाही.

इंजिनांपुरता तोडगा मात्र निघाला, आणि तो अभ्यासण्याजोगा आहे. पश्चिम रेल्वेवर विरारपर्यंत डी.सी. व पलीकडे ए.सी. अशी स्थिती झाली, तेव्हा चित्तरंजनच्या कारखान्याने १९७५ पासून दोन्ही प्रवाहांवर चालणारी ‘डब्ल्यूकॅम-१’ जातीची इंजिने बांधली. दोन प्रवाहांच्या हद्दीवर तारेचा एक तुकडा निर्जीव ठेवलेला असे. त्याखालून गाडी आपल्या वेगावर पुढे जात असता ड्रायव्हर इंजिनाची जोडणी बदलून घेई.  या इंजिनाची डी.सी.खाली ताकद कमी पडे. दोन भाषा जाणणारा दोन्हींत सारखा पंडित असतोच असे नाही. नव्वदीच्या दशकात भेल कंपनीने त्याहून चांगली ‘डब्ल्यूकॅम-२’ व ‘डब्ल्यूकॅम-३’ इंजिने दिली, आणि त्यांतली ‘डब्ल्यूकॅम-३’ मध्य रेल्वेवर आली. पुढे लोकलही दोन्ही विजांवर चालणाऱ्या निघाल्या. २००७ पासून आलेल्या, सीमेन्सची यंत्रे बसवलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या त्याच जातीच्या.

मग एकेक टप्पा बदलत गेला. पश्चिम रेल्वेचे काम २०१२ च्या फेब्रुवारीत पुरे झाले. मध्य रेल्वेच्या मुख्य लाइनवरचा शेवटचा डी.सी. टप्पा २०१५ च्या जूनमध्ये बदलला, आणि हार्बरवर शेवटची डी.सी. लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री धावली. एक्क्याण्णव वर्षांचा संसार संपला. हे काम रात्रीच्या ब्लॉकमध्ये, तारेखाली शिड्या लावून, पहाटेच्या पहिल्या लोकलच्या आधी आटोपण्याच्या घाईत माणसांनी केलेले आहे. उंच दाबाच्या तारेस अधिक मोकळी जागा लागते, म्हणून कमी उंचीच्या जुन्या पुलांखाली अडचण आली. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल २०१६ च्या जानेवारीत उतरवला गेला तो याच सुमारास. टपावर बसून जाणाऱ्यांना तर इशाऱ्यांवर इशारे दिले गेले, कारण २५,००० व्होल्टांना माणसाने तारेस शिवण्याची गरज पडत नाही. जवळ आला तरी ते झेप घेतात.

आता पाहा, या साऱ्या घडामोडीत कोपरच्या पासधारकाने काय केले? काही नाही. त्याने अडॅप्टर विकत घेतला नाही. दोन विजांची सांगड घालण्याचा भार रेल्वेने आपल्या इंजिनात वाहिला, सार्वजनिक पैशातून वाहिला, आणि जुनी पद्धत पूर्ण संपेपर्यंत वाहिला. रेल्वेवर आमच्या संघटनांचे आक्षेप पुष्कळ आहेत. हे श्रेय मात्र तिला द्यावे लागेल.

मोटारीत हीच गोष्ट उलटी होऊन येते असे वर म्हटले. बॅटरीस लागतो डी.सी. घरच्या प्लगातून येतो ए.सी. तेव्हा घरी चार्ज करताना गाडीच्या पोटातला लहानसा चार्जर रूपांतर करतो. तो लहान, म्हणून रात्र जाते. जलद चार्जरमध्ये हे यंत्र मोठे करून रस्त्याच्या कडेला उभे केलेले असते, आणि सरळ डी.सी. बॅटरीत जातो. म्हणजे १९२५ च्या उपकेंद्रासारखीच रचना. परंतु डी.सी. सरळ बॅटरीत सोडायचा तर किती दाबाने, किती प्रवाहाने, कधी थांबायचे, हे गाडी व चार्जर यांनी एकमेकांशी बोलून ठरवावे लागते. भांडण आले ते या बोलण्यात.

जपानी कंपन्यांनी २०१० मध्ये ‘चाडेमो’ ही पद्धत संघटित केली. या नावात ‘चहा तरी घ्या’ अशा अर्थाच्या जपानी शब्दांवर कोटी आहे. चहा होईतो गाडी चार्ज होते म्हणे. जर्मन व अमेरिकन कंपन्यांनी ‘सीसीएस’ काढली, चीनने स्वतःची ‘जीबी/टी’, टेस्लाने आपली चौथी. आपल्याकडे २०१७ साली ‘भारत डीसी-००१’ हे मानक आले: चिनी घडणीचे तोंड, १५ किलोवॉट शक्ती, आणि दाब शंभर व्होल्टांच्या आत. त्याच वर्षी ईईएसएल या सरकारी कंपनीने दहा हजार विजेच्या मोटारींची निविदा काढली, आणि टाटा व महिंद्र यांच्या तशा गाड्या सरकारी कचेऱ्यांच्या दारात उभ्या राहिल्या. डिसेंबर २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी तर प्रत्येक सार्वजनिक केंद्रात पाच प्रकारचे चार्जर ठेवण्यास सांगितले. चहाच्या टपरीवाल्यास पाच प्रकारची स्वयंपाकघरे मांडायला सांगण्यापैकी हा प्रकार. ऑक्टोबर २०१९ मध्ये ही सक्ती सैल झाली. जानेवारी २०२० मध्ये टाटाची नेक्सॉन व एमजीची झेडएस या गाड्या ‘सीसीएस-२’ तोंड घेऊन आल्या, आणि बाजाराने निकाल दिला. नेक्सॉनच्या बॅटरीचा दाब तीनशे व्होल्टांच्या वर. शंभराच्या आतल्या चार्जरपुढे तिला कसलाही जोड लावला तरी उपयोग शून्य.

लोकांस वाटते अडॅप्टर म्हणजे तीन पिनांचे दोन पिनांत रूपांतर करणारा बाजारातला दहा-वीस रुपयांचा तुकडा. तसे नाही. दोन बाजूंची भाषा एक असेल आणि तोंडच वेगळे असेल, तर तांबे व प्लास्टिक पुरते. अमेरिकेत टेस्लाने २०२२ च्या नोव्हेंबरात आपली घडण इतरांस खुली केली, पुढच्या वर्षी फोर्ड व जनरल मोटर्स तिच्याकडे वळल्या, आणि जुन्या गाड्यांसाठी असे जोड निघाले. भाषाही वेगळी असेल, जसे ‘चाडेमो’ आणि ‘सीसीएस’, तर मध्ये संगणक बसवलेला दुभाषी लागतो; तो महागही आणि नाजूकही. साधा जोडसुद्धा निर्धोक असतोच असे नाही. शेकडो अँपिअर प्रवाह त्यातून जातो. सांधा सैल असेल तर तापतो. फोर्डने वाटलेल्या जोडांपैकी काही २०२४ मध्ये वापरू नका असे खुद्द कंपनीस सांगावे लागले, कारण चार्जिंग मंदावत होते आणि गाडीचे तोंड बिघडण्याची भीती होती. मोठ्या कंपनीचा माल असा, तर ज्यावर मानकाची खूणही नाही तो तुकडा स्वस्त मिळाला म्हणून लावावा का, याचे उत्तर टॅक्सीवाल्यांच्या बैठकीत आम्ही ‘नाही’ असेच देतो. गाडी जळली तर हप्ता जळत नाही.

आपल्याकडे नव्या मोटारींची तोंडे बव्हंशी एक झाली. दुचाकींसाठीही २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने एक सामाईक घडण मान्य केली. तरीही भाड्याची गाडी चालवणारा मोकळा झाला नाही. प्रत्येक चार्जिंग कंपनीचे मोबाइलवरचे अॅप वेगळे, प्रत्येकात पैसे आधी भरायचे. गन बसते, पण यंत्र म्हणते, आमचे खाते उघडा. हा जिना उतरण्याचे श्रम पुन्हा ज्याचे त्यासच. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने सर्व चार्जरांसाठी एकच अॅप करण्याचा विचार जाहीर केला, आणि त्या कामासाठी नाव पुढे आले ते भेलचे. दोन विजांची इंजिने बांधणारी कंपनी तीच. टॅक्सीवाल्यांचा हिशेब आम्ही बैठकीत मांडतो तेव्हा पेट्रोल-डिझेलच्या जागी आता एक नवा रकाना काढावा लागतो: या अॅपात शंभर अडकलेले, त्यात दीडशे, तिसऱ्यात चाळीस. रात्रीच्या शेवटच्या भाड्यानंतर बॅटरी उतरली असता समोर जो चार्जर मोकळा असतो, तो बहुधा चौथ्याच कंपनीचा निघतो.