नावामागचा संत



बाळाच्या बाप्तिस्म्याची तयारी सुरू झाली की नेरडीगोंड्यातल्या आपल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: "जॉन, मेरी असंच नाव हवं का? आजीनं सुचवलेलं मराठी नाव चालणार नाही का?"

अशा वेळी मला कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवतं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने हद्दपार केलेले सुमारे 5000 पोलिश लोक 1943 ते 1948 या काळात तिथल्या छावणीत राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलं होती. घरदार गेलं, पण नावं सोबत आली.

पोलंडमध्ये वाढदिवसापेक्षा नामदिन मोठा मानण्याची जुनी रीत आहे. आपल्या नावाच्या संताचा सण तोच आपला दिवस. युझेफचा 19 मार्च, म्हणजे संत योसेफाचा सण. दिनदर्शिकेत नावं छापलेली असतात, त्यामुळे शेजारी आमंत्रणाविना शुभेच्छा द्यायला येतात.

पण त्यांची सगळीच नावं बायबलमधली नाहीत. 966 मध्ये बाप्तिस्मा घेतलेला राज्यकर्ता मियेश्को आजही त्याच्या जुन्या स्लाव नावानेच ओळखला जातो. संत व्होइचेख यांना दृढीकरणात अॅडलबर्ट हे नाव मिळालं. 997 मध्ये सुवार्ता सांगताना ते हुतात्मा झाले, तरी पोलिश लोक त्यांना व्होइचेखच म्हणतात. स्तानिस्वाव्ह हेही असंच जुनं स्लाव नाव. क्राकोवच्या या बिशपांना 1079 मध्ये राजाने मारलं आणि ते नाव संताचं झालं.

म्हणजे या नावांना पावित्र्य आलं ते ती धारण करणाऱ्यांच्या जगण्यातून.

आपल्याकडेही हेच घडलं. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण नाव बदललं नाही. त्याच नावाने त्यांनी मराठीत ख्रिस्ताची भजनं लिहिली. कॅथॉलिक चर्चचा 1983 चा कायदाही एवढंच सांगतो की, नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं.

तेव्हा आईबाबांनो, संताचं नाव ठेवलंत तर त्या संताची गोष्ट बाळाला जरूर सांगा. आजीचं नाव ठेवलंत तर आजीच्या विश्वासाची गोष्ट सांगा. यशया 43:1 मध्ये देव आपल्या लोकांना नावाने हाक मारतो. त्या हाकेला ओ देण्याची कृपा आपल्या लेकरांना लाभो. आमेन.