अश्वशक्ती, टॉर्क आणि ब्रिटनमधील मोटारकर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मोटारीच्या इंजिनाची क्षमता सर्वसाधारणपणे अश्वशक्तीत सांगितली जाते. तथापि वेग वाढताना प्रवाशाच्या पाठीला जाणवणारा रेटा केवळ या आकड्यावरून कळत नाही. या विसंगतीचे मूळ अश्वशक्तीच्या इतिहासात आढळते.

एककाचा उगम :
१७८० च्या दशकात जेम्स वॅट यांनी गिरण्यांना चाक फिरविणारी वाफेची इंजिने पुरविण्यास आरंभ केला. जेथे पूर्वी घोडे राबत होते, तेथे इंजिनाचे मोल ठरविण्यासाठी घोड्याच्या कामाचाच आधार घेण्यात आला. मिनिटास ३३,००० फूट-पौंड कार्य म्हणजे एक अश्वशक्ती, हे प्रमाण रूढ झाले. हे माप व्यवहाराच्या गरजेतून जन्मले.

टॉर्क व त्वरण :
टॉर्क म्हणजे इंजिनाचा दांडा फिरविणारे बलाघूर्ण. टॉर्क व फेऱ्यांचा वेग यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते. एकाच गिअरमध्ये जाणवणारा रेटा टॉर्कनुसार कमीअधिक होतो. मात्र विशिष्ट वेगाला गिअर बदलून मिळू शकणारा सर्वाधिक रेटा इंजिनाच्या शक्तीवर ठरतो. जाहिरातीतील अश्वशक्ती बहुधा उच्च फेऱ्यांवरील कमाल असते. रोजच्या वापरातील फेरे त्याहून कमी असतात.

कराचा परिणाम :
ब्रिटनमध्ये १९२१ पासून प्रत्येक अश्वशक्तीमागे एक पौंड वार्षिक कर आकारला जाऊ लागला. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष मोजलेली नव्हती. सिलिंडरच्या इंचातील व्यासाचा वर्ग, गुणिले सिलिंडरांची संख्या, भागिले २.५, असे तिचे सूत्र होते. त्यात स्ट्रोकची लांबी विचारातच घेतलेली नव्हती. फोर्ड मॉडेल टी मोटारीच्या चार सिलिंडरांचा व्यास ३.७५ इंच असल्याने तिचा कर २३ पौंड होई. तिची प्रत्यक्ष शक्ती सुमारे २० अश्वशक्ती होती. उलट मॉरिस काउली मोटारीचा व्यास ६९.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०२ मिलिमीटर होता. तिची करपात्र अश्वशक्ती ११.९ भरे. त्यामुळे अरुंद व्यासाच्या, लांब स्ट्रोकच्या इंजिनांना उत्तेजन मिळाले. स्ट्रोक वाढविल्याने कर न वाढता घनफळ वाढे व त्यासोबत टॉर्कही. मात्र दट्ट्याच्या वेगामुळे उच्च फेऱ्यांवर मर्यादा येई. अशी मोटार कमी वेगाला सहज ओढत असे, परंतु दीर्घकाळ वेगाने धावण्यास ती तितकीशी अनुकूल नव्हती. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धत रद्द झाली.

निष्कर्ष :
घोड्याच्या कामाची तुलना करण्यासाठी घडविलेले माप कराच्या सूत्रात शिरले आणि त्याने इंजिनाचा आकारच बदलला. त्यामुळे मोटारीच्या इतिहासात अश्वशक्तीचा आकडा वाचताना तो कोणी, कोणत्या हेतूने आणि किती फेऱ्यांवर मोजला, हे पाहणे आवश्यक ठरते.