घराचं वायरिंग बदलताय? भिंत बुजवण्याआधी इलेक्ट्रिशियनला हे विचारा

गिझर सुरू असताना नळाला हात लावला आणि बोटांना झिणझिण्या आल्या. फ्रिजचं दार उघडताना अनवाणी पायाला हलका झटका बसला. अनेक घरांत यावरचा उपाय ठरलेला असतो, "चप्पल घालून जा."

पण अशा झटक्याचा अर्थ गंभीर असू शकतो. उपकरणातून करंट गळतोय आणि जमिनीत जाण्यासाठी त्याला तुमच्या शरीराशिवाय दुसरी वाट मिळत नाहीये. ही दुसरी वाट म्हणजे अर्थिंग. वायरिंग नव्यानं करताना स्विचचा रंग आपण स्वतः जाऊन निवडतो, पण अर्थिंगबद्दल बहुतेक जण विचारतच नाहीत. एकदा गिलावा झाला की ते दिसतही नाही. म्हणून हे प्रश्न काम सुरू होण्याआधीच विचारायला हवेत.

वायरिंग बदलायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

जुन्या घरांचं वायरिंग दिवे, पंखे आणि फार तर एखाद्या टीव्हीचा विचार करून केलेलं असतं. आज २००० वॅटचा एक गिझरच २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर करंट घेतो. त्यात एसी, ओव्हन आणि इस्त्रीची भर पडते.

बोर्ड गरम लागणं, जळका वास येणं, गिझर लावला की दिवे मंद होणं, वायरचं आवरण हात लावताच तुटणं ही धोक्याची लक्षणं आहेत. सॉकेटला दोनच भोकं असतील, तर तिथे अर्थिंग नाही.

एमसीबी सारखा पडत असेल, तर "मोठा एमसीबी टाकून देतो" असं कुणी म्हटलं तरी लगेच हो म्हणू नका. वायर तीच राहिली आणि एमसीबी मोठा झाला, तर वायर तापून आग लागेपर्यंतही तो पडणार नाही.

काम कोणाला द्यायचं?

बल्ब, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत कंत्राटदारानंच करायचं असतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत तशी तरतूद आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्या वायरमनकडेही परवाना लागतो आणि त्याच्या कामावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख लागते.

त्यामुळे "दादा, परवाना दाखवता का?" हे विचारण्यात संकोच नको. त्यावरची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहा. मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची, म्हणजे तुमची असते. उद्या काही झालं, तर "ओळखीतला होता" हे उत्तर पुरत नाही.

तिसऱ्या भोकामागे वायर आहे का?

सॉकेटचं वरचं मोठं भोक अर्थिंगसाठी असतं. पण भोक आहे म्हणजे त्यामागे वायर आहेच, असं नाही. काही ठिकाणी ते नुसतंच रिकामं असतं. काही ठिकाणी तर न्यूट्रलची वायरच तिथे जोडून दिलेली असते. हा शॉर्टकट जीवघेणा आहे, कारण वाटेत कुठे न्यूट्रल तुटली तर उपकरणाच्या धातूच्या भागातच करंट येतो.

प्रत्येक सॉकेटपर्यंत हिरव्या रंगाची वेगळी अर्थिंग वायर येतेय का, हे बोर्ड उघडे असतानाच पाहा. फ्लॅटमध्ये राहत असाल, तर इमारतीचं अर्थिंग चालू स्थितीत आहे का, हे सोसायटीला विचारा. खाली अर्थिंगच नसेल, तर घरातल्या हिरव्या वायरचा उपयोग नाही.

एमसीबी असताना आरसीसीबी कशाला?

एमसीबी वायरचं रक्षण करतो. लोड जास्त झाला किंवा शॉर्टसर्किट झालं की तो पडतो. पण माणसाच्या शरीरातून जाणारा जीवघेणा करंट मिलिअँपिअरमध्ये असतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

ते काम आरसीसीबीचं. जाणारा आणि परत येणारा करंट यांत फरक पडला की तो पुरवठा तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्या. चांगलं अर्थिंग असेल, तर उपकरणात गळती होताच तो पडतो. अर्थिंग नसेल, तर तुम्ही हात लावेपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून दोन्ही हवेत.

पावसाळ्यात आरसीसीबी वारंवार पडतो म्हणून तो काढून टाकू नका. तो गळती दाखवतोय, ती शोधून घ्या.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं?

दर बहुतेकदा 'पॉइंट'वर ठरतो. त्यामुळे पॉइंट म्हणजे काय, दर नुसत्या मजुरीचा की मालासकट, झिऱ्या बुजवण्याचं काम कोणाचं, हे आधी स्पष्ट करा. मग हे लिहून घ्या:

- वायर आयएसआय मार्क असलेली, तांब्याची आणि आग सहज न पसरू देणारी.
- साधारणपणे दिवे-पंख्यांसाठी १.५, सॉकेटसाठी २.५ आणि एसी-गिझरसाठी ४ चौरस मिलिमीटर वायर.
- एसी आणि गिझरला स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र एमसीबी.
- आरसीसीबी आणि अर्थिंग, दोन्हींचा वेगळा उल्लेख.

नवी उपकरणं येणार असतील, तर वीजबिलावरचा मंजूर भारही पाहा. तो कमी पडत असेल, तर वीज कंपनीकडे वाढवून मागावा लागतो.

शेवटचे पैसे देण्याआधी

१. झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा. उद्या ड्रिल करताना वायर कुठून गेलीय, ते कळेल.

२. 'मेगर' यंत्रानं वायरिंगची चाचणी करून घ्या. वायरचं आवरण कुठे खराब झालं असेल, तर त्यात कळतं.

३. अर्थिंग स्वतंत्रपणे तपासून घ्या. आरसीसीबीचं 'टेस्ट' बटण दाबून तो पडला, तर तो चालतो एवढंच कळतं. अर्थिंग आहे की नाही, हे त्यातून कळत नाही.

४. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, याच्या चिठ्ठ्या लावून घ्या. कंत्राटदाराकडून बिल आणि टेस्ट रिपोर्ट घ्या.

नंतर महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायची सवय ठेवा. आणि आज घरात कुठे झिणझिण्या येत असतील, तर ते उपकरण आत्ताच बंद करा आणि तपासून झाल्याशिवाय वापरू नका.