नेम कोणाला शिकवायचा?

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया उंचावल्या. तत्त्वज्ञानाच्या मास्तराला रायफलीशी काय कर्तव्य? खरं आहे. आमचा संबंध कॉलेजातल्या एनसीसीपुरताच. पण तिथल्या उस्तादांनी चार गोष्टी पक्क्या करून घेतल्या. रायफल स्नायूंच्या जोरावर नव्हे, हाडांच्या आधारावर तोलायची. नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर ठेवायची, लक्ष्य जरा धूसर दिसलं तरी चालेल. श्वास अर्धा सोडून थांबायचं. आणि चाप हिसका देऊन ओढायचा नाही, हळूहळू दाबत न्यायचा. गोळी सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं.

आता बघा, ही विद्या फार जुनी नाही. अठराव्या शतकातल्या शिपायाला नेम असा कोणी शिकवतच नसे. गुळगुळीत नळीच्या ठासणीच्या बंदुकीची गोळी शंभर यार्डांपलीकडे कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. म्हणून शिकवायचं ते रांग धरणं, भराभर ठासणं आणि हुकूम होताच सगळ्यांनी मिळून बार काढणं. एकेका माणसाच्या नजरेला तिथे किंमत नव्हती.

नळीला आतून पेच आले, मिनिएची टोकदार गोळी आली आणि चित्र पालटलं. 1853 साली इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावर हाइथ इथे नेमबाजी शिकवणारी लष्करी शाळा निघाली. तिथे गोळी झाडण्याआधी बरंच काही करावं लागे: वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून नुसता नेम धरायचा आणि तो शिक्षकाने तपासायचा, बसण्या-उभं राहण्याची कवायत, नजरेने अंतर ओळखणं. आता प्रत्येक शिपायाला स्वतः पाहून स्वतः निर्णय करायचा होता.

आणि इथेच खरा प्रश्न येतो. निर्णय करण्याची ताकद कोणाला द्यायची?

त्याच वर्षीच्या नमुन्याची एनफिल्ड रायफल शिकवायला हिंदुस्थानात डमडम, अंबाला आणि सियालकोट इथे केंद्रं काढली. काडतुसाच्या चरबीची बातमी 1857च्या जानेवारीत फुटली ती डमडमलाच. म्हणजे ज्या जागी शिपायाला नेम शिकवायचा होता, तिथेच विश्वास तुटला. उठाव मोडल्यावर सरकारने काय केलं? देशी शिपायांना दिसायला एनफिल्डसारख्याच, पण आतून गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. रांगेत उभं राहा, पण लांबचा नेम धरू नका! पुढे 1878च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणंच बंद झालं. गोऱ्यांना मात्र सूट.

याची दुसरी बाजूही आहे. 1899मध्ये दक्षिण आफ्रिकेत शिकारीवर वाढलेल्या बोअर शेतकऱ्यांनी इंग्रज फौजेला रडकुंडीला आणलं. तेव्हा साहेबाला कळलं, की आपल्याही शिपायाला नीट शिकवलेलं नाही. मग इतकी तालीम झाली, की 1914 साली मॉन्सला उतरलेला इंग्रज पायदळी शिपाई तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार काढायला शिकलेला होता.

आपण या विद्येचं कौतुक करतोय, तेव्हा ती माणूस मारण्यासाठी घडली हे विसरून चालणार नाही. पण शिकण्याची रीत बघितली तर तिचा गाभा आहे तो स्वतःला आवरण्याचा. घाई आवरायची, श्वास आवरायचा, बार कधी सुटतोय ही उत्सुकतासुद्धा आवरायची.

1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने, तिन्ही रीतींनी त्याने नेम धरला. ज्यांच्या पणजोबांच्या हाती मुद्दाम बिनपेचाची नळी दिली गेली, त्यांच्या मुलखातला हा मुलगा. समोर होता फक्त लक्ष्याचा ठिपका, माणूस नव्हता. त्या दिवशी आम्हाला ऊर भरून आला तो त्या दोन्ही गोष्टींसाठी.

विद्या कोणाला द्यायची नाही हे जो ठरवतो, तो कोणाला भितो ते सांगून टाकतो. बंदुकीपुरतंच हे खरं आहे का, याचा विचार घरी जाताना करा.