अतिप्रदान वसुली (निवृत्तिवेतनातील)

सरकारी कर्मचाऱ्याला सेवेत असताना वेतनापोटी किंवा निवृत्तीनंतर निवृत्तिवेतनापोटी हक्कापेक्षा जास्त रक्कम दिली गेल्याचे नंतर उघडकीस आले, की ती परत मिळवण्यासाठी होणारी कारवाई. कार्यालयीन कागदांत अशा जादा रकमेला ‘अतिप्रदान’ म्हणतात. पेन्शनरांमध्ये ‘रिकव्हरी निघाली’ असे बोलले जाते. बहुतेक प्रकरणांत चूक हिशेब करणाऱ्याची असते आणि पैसे घेणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो. या विषयाचा विचार करताना हे आधी ध्यानात घ्यायला हवे.

महाराष्ट्रात वादाचे मूळ सहसा सेवापुस्तकात सापडते. निवृत्तीचे प्रकरण तयार होताना सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते. वेतन आयोगानुसार झालेली वेतननिश्चिती, आश्वासित प्रगती योजनेचा लाभ, वेतनवाढीची तारीख अशा नोंदी तिथे तपासल्या जातात आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या एखाद्या नोंदीवर आक्षेप निघतो. समजा, मूळ वेतन २०,००० रुपये असताना ३ टक्क्यांची एक वेतनवाढ चुकून जास्त लागली. ती ६०० रुपयांची. पंधरा वर्षांत नुसत्या या ६०० रुपयांचे १,०८,००० होतात. त्यावरचा महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि पुढच्या प्रत्येक वेतनवाढीतला फरक वेगळाच. ज्या लिपिकाने ती नोंद घेतली तो कधीच बदलून किंवा निवृत्त होऊन गेलेला असतो. वसुलीचा तक्ता मात्र निवृत्तीला टेकलेल्या माणसाच्या हाती पडतो आणि रक्कम त्याच्या उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वळती करून घेण्याचा प्रस्ताव निघतो.

निवृत्तीनंतरही चुका होतात. अंशराशीकरण केलेला, म्हणजे एकरकमी आगाऊ घेतलेला, हिस्सा दरमहा वजा करायचा राहून जातो. कुटुंबनिवृत्तिवेतनाचा वाढीव दर ठरावीक मुदतीपुरता असतो. मुदत संपली तरी बँक तोच दर चालू ठेवते. नवऱ्यामागे पासबुकात पडेल ती रक्कम हक्काची समजून संसार चालवणाऱ्या बाईंना हा फरक कळावा कसा?

वसुलीचा अधिकार नियमांत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम १३४-अ नुसार जादा दिलेली रक्कम निवृत्तिवेतनातून वसूल करता येते. त्याच नियमाच्या परंतुकांत मात्र दोन अटी आहेत. वसुली का करू नये, हे सांगण्याची वाजवी संधी निवृत्तिवेतनधारकाला दिली पाहिजे. तसेच शासनाने ठरवलेल्या किमान रकमेच्या खाली निवृत्तिवेतन येणार नाही, अशा बेताने हप्ते पाडता येतात. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या बाबतीत, निवृत्तिवेतन मंजूर होऊन दोन वर्षे उलटल्यावर लेखनिकी चूक आढळली, तरी निवृत्तिवेतन विभागाच्या सहमतीशिवाय ते कमी करता येत नाही.

न्यायालयांची भूमिका एकसारखी राहिलेली नाही. कायद्याच्या आधाराशिवाय दिलेला पैसा, टोकाची अडचण असेल ते प्रसंग वगळता, परत घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने चंडीप्रसाद उनियाल प्रकरणात (२०१२) म्हटले. त्यानंतर १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात न्या. जगदीशसिंह खेहर आणि न्या. अरुण मिश्रा यांच्या खंडपीठाने वसुली कुठे अनुज्ञेय नाही हे सांगितले. वर्ग तीन व चारचे कर्मचारी. निवृत्त झालेले किंवा आदेशापासून वर्षभरात निवृत्त होणारे. आदेशाच्या आधी पाच वर्षांहून अधिक काळ चाललेले अतिप्रदान. चुकीने वरच्या पदाचे काम करायला लावून त्यानुसार दिलेला पगार. आणि जिथे वसुली अन्यायकारक, कठोर किंवा मनमानी ठरेल अशी अन्य प्रकरणे. केंद्र सरकारने २ मार्च २०१६ च्या ज्ञापनाने हे निकष आपल्या खात्यांना कळवले. पुढे केरळमधील एका शिक्षकाच्या प्रकरणात, निवृत्तीला दहा वर्षे उलटल्यावर मागितलेली रक्कम वसूल करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी दिला. ही सवलत कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून मिळत नाही. न्यायबुद्धीने, त्याला त्रास होऊ नये म्हणून दिली जाते, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे खोटी माहिती देऊन किंवा लबाडीने पैसे घेतले असतील, तर हा बचाव टिकत नाही.

सर्वांत नाजूक मुद्दा हमीपत्राचा. जास्त रक्कम मिळाल्यास परत करीन, असे कर्मचाऱ्याने वेतननिश्चितीच्या वेळी लिहून दिले असेल, तर ते त्याच्यावर बंधनकारक ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने जगदेवसिंग प्रकरणात (२९ जुलै २०१६) म्हटले आणि सोयीचे हप्ते पाडून वसुलीला मुभा दिली. ते प्रकरण न्यायिक अधिकाऱ्याचे होते. शिपाई, लिपिक, प्राथमिक शिक्षक यांना तोच दंडक सरसकट लावणे अन्याय्य आहे. निवृत्तिवेतन अडेल या धाकाने शेवटच्या महिन्यात घेतलेली सही आणि वेतननिश्चितीच्या वेळी समजून-उमजून केलेली सही यांत फरक केलाच पाहिजे.

बँकांच्या मनमानीला चाप लावणारा निकाल विदर्भातला आहे. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून १९९४ साली निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध कर्मचाऱ्याच्या निवृत्तिवेतनातून बँकेने ३,६९,०३५ रुपयांची वसुली सुरू केली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये ती बेकायदा ठरवली आणि बँकेला ५०,००० रुपये खर्च भरायला लावला. निवृत्तिवेतन ही मालमत्ता आहे, कायद्याच्या आधाराशिवाय ती कोणालाही हिरावून घेता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम ३००-अ मधले तत्त्व त्यामागे होते. जी बँक निवृत्तिवेतन ठरवत नाही, तिने ते स्वतःच्या हिशेबाने कापू नये, हेच योग्य.

वसुलीचे पत्र आले की आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. पुढचा दर दुरुस्त करणे ही एक, मागचा पैसा परत मागणे ही दुसरी. चूक खरी असेल, तर पुढची दुरुस्ती सहसा टळत नाही. मागच्या वसुलीला मात्र हरकत घेता येते. महिनावार हिशेबाचा तक्ता, आक्षेपाची प्रत आणि सेवापुस्तकाच्या संबंधित पानांच्या प्रती लेखी मागाव्यात. मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. उत्तरात आपला वर्ग, निवृत्तीची तारीख, अतिप्रदानाचा काळ आणि चुकीत आपला हात नसल्याचे नमूद करावे. वसुली अटळच असेल, तर लहान हप्त्यांची मागणी करावी. घाईने कोऱ्या किंवा छापील संमतिपत्रावर सही करू नये.

दाद मागण्याची जागा नोकरीनुसार बदलते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण, सेवा किंवा विकलांगता निवृत्तिवेतन घेणाऱ्या माजी सैनिकांसाठी सशस्त्र सेना न्यायाधिकरण. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना उच्च न्यायालयात जावे लागते. प्रशासकीय न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष आहे. विलंब माफ होऊ शकतो, पण त्याला सबळ कारण दाखवावे लागते.