त्रिरश्मी लेणीतील आकडे कसे वाचावेत?

नाशिकच्या त्रिरश्मी बुद्ध लेणीवर जाणारे अनेक तरुण आता धम्मलिपीची अक्षरे ओळखू लागले आहेत. मात्र लेखात आकडा आला की गाडी अडते, असा आमचा अनुभव आहे. त्याचे कारण अक्षरांत नाही, मोजण्याच्या पद्धतीत आहे.

आज ३ हा अंक जागेनुसार तीन, तीस किंवा तीनशे होतो. त्या काळी तसे नव्हते. १ ते ९ साठी वेगळी चिन्हे, १० ते ९० या दशकांसाठी आणखी नऊ, शिवाय शंभर आणि हजाराचे स्वतंत्र चिन्ह. ४२ म्हणजे चाळीसचे चिन्ह आणि पुढे दोन आडव्या रेघा. सम्राट अशोकांच्या रूपनाथ व सासाराम येथील लेखांत २५६ हा आकडा असाच येतो : दोनशे, पन्नास, सहा. यात शून्य लागतच नाही. (नागार्जुनांची शून्यता आणि गणितातले शून्य एकच, असे मेसेज फिरत असतात, ते पुढे पाठवण्याआधी थांबावे.)

आता लेणे क्रमांक १० मध्ये चला. नहपानाचा जावई उषवदात याने वर्ष ४२ मध्ये हे लेणे भिक्खूसंघाला दिले आणि सोबत ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यातले २००० गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा १ व्याजाने. उरलेले १००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज वापरायचे. वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी द्यायचे, असे लेख सांगतो.

हिशेब करून पाहा. २००० वर महिना २०, वर्षाचे २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, तेही २४०! एक कार्षापण इकडचा तिकडे नाही. संघाचे दान भावनेवरच नव्हे, तर चोख हिशेबावर चालत होते, याचा दगडात कोरलेला हा पुरावा आहे. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून नोंदवलाही गेला.

नवशिक्यांची सोय अशी की, आपण चेकवर लिहितो तशी रक्कम इथे अक्षरी आणि अंकी दोन्ही आहे. आधी ‘सहस्रानि त्रीणि’ ही अक्षरे शोधा. त्यांच्या लगेच पुढे हजाराच्या चिन्हाला दोन छोट्या रेघा जोडलेल्या दिसतील, तेच ३०००.